मानांकनाचा अंदाज

बाद पद्धतीच्या स्पर्धेत काही संघांना त्यांच्या कुवतीप्रमाणे आधीच क्रमांक देतात आणि ते एकमेकांना लवकर भिडणार नाहीत अशा जागी भाग्यपत्रिकेत बसवतात. हे मानांकन. महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम तोंडावर आला की प्रत्येक जिमखान्यात त्याचीच चर्चा सुरू होते. पहिले मानांकन कुणाला, आपला संघ वरच्या अर्ध्यात की खालच्या, गतविजेते उपांत्यपूर्व फेरीतच समोर उभे राहणार का? या प्रश्नांची उत्तरे लॉट पाडण्याच्या बैठकीआधीच बऱ्याच अंशी सांगता येतात. त्यासाठी दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात. कोणता संघ बलवान आहे हा एक प्रश्न आणि कोणत्या संघाला वरचे मानांकन मिळेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोर्टावर सापडते, दुसऱ्याचे समितीपुढच्या कागदावर. अंदाज चुकतात ते बहुधा या दोहोंची गल्लत झाल्याने.

मानांकनाची गरज का पडली हे गणिताने चटकन कळते. १६ संघांची भाग्यपत्रिका केवळ चिठ्ठ्या टाकून काढली, तर सर्वांत बलवान दोन संघ पहिल्याच सामन्यात समोरासमोर येण्याची शक्यता १५ त १ असते. ते एकाच अर्ध्यात पडण्याची शक्यता १५ त ७ असते. म्हणजे बलवान संघ नेहमी जिंकतो असे मानले, तरी दुसऱ्या क्रमांकाचा संघ अंतिम फेरीत पोचेल याची खात्री निम्म्याहून जेमतेम जास्त. चार्ल्स डॉजसन या ऑक्सफर्डच्या गणिताच्या अध्यापकाने, म्हणजेच ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरोलने, १८८३ साली लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका काढली. ३२ खेळाडूंत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ त १६ च असते, असे त्याने त्यात दाखवले. बक्षिसे वाटण्याची ही रीत अन्यायाची आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने सुचवलेली पर्यायी पद्धत किचकट होती आणि ती कुणी उचलली नाही. टेनिसने सोपा मार्ग धरला. विम्बल्डनने १९२४ मध्ये एकाच देशाचे खेळाडू वेगवेगळ्या भागांत टाकायला सुरुवात केली आणि १९२७ पासून निव्वळ गुणवत्तेवर मानांकन दिले. जगातल्या बहुतेक बाद स्पर्धा आज त्याच वाटेने चालतात.

भाग्यपत्रिका मांडण्याची भारतातली रीत शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांनी पक्की केली आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत बी. पी. एड. च्या पुस्तकांच्या थप्पीतले कोणतेही पुस्तक उघडले तरी स्पर्धा आयोजनाच्या प्रकरणात हीच सूत्रे आढळतात. संघ जितके, त्याहून एक कमी इतके सामने. संघांची संख्या दोनच्या घातात बसत नसेल, तर पुढच्या घातातून ती वजा करायची. जी बाकी उरते तितक्या संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. विषम संख्या असेल तर वरच्या अर्ध्यात एक संघ जास्त.

एखाद्या विभागात १९ महाविद्यालयांनी प्रवेशिका भरल्या असे धरू. पुढचा घात ३२, म्हणून १३ संघांना पुढे चाल. एकूण सामने १८. वरच्या अर्ध्यात १० संघ, खालच्या अर्ध्यात ९. पुढे चाल वर ६ जणांना, खाली ७ जणांना. उरलेले ६ संघ पहिल्या फेरीत ३ सामने खेळतात आणि दुसऱ्या फेरीत बरोबर १६ संघ उभे राहतात. प्रवेशिकांची मुदत संपून आकडा कळला की अंदाजाचा एवढा सांगाडा कुणालाही घरबसल्या मांडता येतो. या उदाहरणात पुढे चाल हा काही मोठा मान नाही, हेही लक्षात येते. दोन तृतीयांश संघांना ती मिळतेच आहे. तिची खरी किंमत १४ किंवा १५ प्रवेशिका असताना कळते.

मानांकित चार असतील तर पहिला सर्वांत वरच्या ओळीत, दुसरा सर्वांत खालच्या ओळीत, तिसरा खालच्या अर्ध्याच्या माथ्यावर आणि चौथा वरच्या अर्ध्याच्या तळाशी बसतो. पहिल्याची उपांत्य फेरी चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. पुढे चाल देण्याचा क्रमही पुस्तकात ठरलेला असतो: आधी खालच्या अर्ध्यातली शेवटची ओळ, मग वरच्या अर्ध्यातली पहिली, मग खालच्या अर्ध्यातली पहिली, मग वरच्या अर्ध्यातली शेवटची. दोन्ही क्रम शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. १५ संघ असतील तर पुढे चाल एकच, आणि खालच्या अर्ध्यात एक संघ कमी असल्याने ती तिथेच द्यावी लागते. नियम काटेकोर पाळला तर गतउपविजेता बसून राहतो आणि गतविजेता पहिल्याच दिवशी घाम गाळतो. टेनिसमध्ये असे होत नाही. तिथे पुढे चाल मानांकनाच्या क्रमाने वाटतात. त्यामुळे समिती कोणत्या रिवाजाने चालते हे आधी विचारून घेतलेले बरे.

मानांकित सोडून बाकीच्या जागा चिठ्ठ्यांनी ठरतात, पण तिथेही अंदाजाला आकडा लावता येतो. १६ च्या भाग्यपत्रिकेत ४ मानांकित आणि १२ बिगरमानांकित. बिगरमानांकित संघाला पहिल्याच सामन्यात कोणी तरी मानांकित भेटण्याची शक्यता तीनात एक, गतविजेताच भेटण्याची बारात एक. गेल्या वर्षी स्पर्धेत नसलेला पण यंदा खरोखर दुसऱ्या क्रमांकाची ताकद असलेला एखादा नवा संघ असेल, तर तो गतविजेत्याच्या चतुर्थांशात पडण्याची शक्यता चारात एक. असे घडले की वर्तमानपत्रात ‘अंतिम सामन्याआधीच अंतिम सामना’ असा मथळा ठरलेला. त्यात समितीचे चुकलेले काहीच नसते.

पुण्यात हे सारे कसे चालते हे समजायला विद्यापीठाची रचना माहीत हवी. नारायण पेठेतल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या दाटीत २८ बाय १५ मीटरच्या कोर्टाला जागा निघणे कठीण, त्यामुळे पेठेतला खेळाडू सरावासाठी महाविद्यालयांचीच कोर्ट गाठतो. टिळक रस्त्याने गेले की स. प. महाविद्यालय, लकडी पूल ओलांडला की एका अंगाला कर्वे रस्त्यावरचे गरवारे, दुसऱ्या अंगाला फर्ग्युसन आणि पुढे बीएमसीसी. ही सगळी महाविद्यालये १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केलेल्या पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत आहे. क्रीडा स्पर्धांसाठी त्याचे विभाग पाडलेले आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर म्हणून वर्षानुवर्षे ओळखला गेलेला विभाग आणि नाशिक. आधी विभागातल्या महाविद्यालयांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, मग विभागांचे निवडक संघ आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. मानांकनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पहिल्या टप्प्यावरच येतो. आंतरविभागीय पातळीवर मोजके चारच संघ, तिथे अंदाज करण्यासारखे फारसे उरत नाही.

विभागीय स्पर्धेत मानांकनाचा सर्वसाधारण रिवाज म्हणजे गेल्या वर्षीचे पहिले चार. त्यामुळे अंदाजाचे पहिले पाऊल साधे आहे. गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ काढायचे आणि क्रमाने लिहायचे. हे निकाल ‘केसरी’ किंवा ‘सकाळ’च्या क्रीडा पानावर चार ओळींत आलेले असतात, नाही तर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातल्या जिमखाना अहवालात सापडतात. अडचण तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची. तिसऱ्या स्थानासाठी सामना झाला असेल तर प्रश्न मिटला. झाला नसेल तर विजेत्याकडून हरलेल्याला तिसरा धरायचा, की दोघांमध्ये चिठ्ठी टाकायची, हे समितीवर असते. वरवर किरकोळ दिसणारी ही बाब एखाद्या संघाला गतविजेत्याच्या अर्ध्यात नेऊन टाकते.

दुसरे पाऊल म्हणजे त्या चारांपैकी यंदा कोण स्पर्धेत आहे हे पाहणे. पुण्यात हे वाटते तितके सरळ नाही. शेजारी-शेजारी असलेली दोन महाविद्यालये एकाच भाग्यपत्रिकेत असतीलच असे नाही. भारती विद्यापीठ १९९६ पासून आणि सिम्बायोसिस २००२ पासून अभिमत विद्यापीठ आहे. त्यांच्या घटक महाविद्यालयांतले खेळाडू पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नव्हे, तर आपापल्या विद्यापीठाच्या संघातून खेळतात. शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सगळ्यांचे सीओईपी, २०२२ साली स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आणि तेही या चौकटीबाहेर गेले. उलट फर्ग्युसनसारखे महाविद्यालय स्वायत्त झाले तरी संलग्नच राहिले, म्हणून ते आतच आहे. मानांकित संघ असा बाहेर पडला की खालचे एकेक पायरी वर सरकतात, की ती जागा रिकामी ठेवून चिठ्ठीने भरतात? दोन्ही रिवाज आढळतात. क्रीडा संचालकांच्या बैठकीचे इतिवृत्त वाचणे हाच इथे उत्तम अंदाज.

विद्यापीठाचा संघ ठरला की तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. महाराष्ट्र, गुजरात, गोवा, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठे या विभागात येतात. एकट्या पुणे शहराचेच तीन-चार विद्यापीठ संघ तिथे एकमेकांसमोर येऊ शकतात. आधी बाद फेऱ्या होतात. भाग्यपत्रिकेच्या चार चतुर्थांशांतून एकेक विजेता निघतो आणि हे चार एकमेकांशी साखळी खेळतात. देशाच्या चारही विभागांतले पहिले चार मिळून १६ संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. अशा रचनेत मानांकनाचा अर्थ थोडा बदलतो. पहिले आणि चौथे मानांकन यांत फारसा फरक राहत नाही, कारण चतुर्थांश जिंकला की साखळीत सगळ्यांशी खेळायचेच आहे. पाचव्या क्रमांकाच्या संघाचे मात्र हाल. त्याला कोणत्या तरी मानांकिताच्या चतुर्थांशात पडावेच लागते, आणि एका पराभवात अखिल भारतीय स्पर्धेचे तिकीट जाते. अंदाजकर्त्याने मेहनत घ्यायची ती चौथ्या आणि पाचव्याच्या या सीमारेषेवर. वरच्या दोघांची नावे सहसा सगळ्यांना ठाऊकच असतात.

गेल्या वर्षीच्या निकालावर मानांकन देण्याची रीत स्वच्छ आहे. कुणाला वशिल्याचा संशय घ्यायला जागा राहत नाही. तिचा दोष असा की महाविद्यालयीन संघ दर वर्षी बदलतो. बास्केटबॉलमध्ये कोर्टावर पाच खेळाडू, यादीत बारा. कबड्डीत सात आणि खो-खोत नऊ जण मैदानात असतात. तिथे एक मोहरा गळाला तर भार वाटला जातो. पाचांत एक उंच, तयारीचा खेळाडू कमी झाला की संघाचा कणाच निघतो. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. त्या तोडीची एक खेळाडू महाविद्यालयीन संघात असेल तर तो संघ मानांकित होतो आणि ती पदवी घेऊन बाहेर पडली की पुढच्या वर्षी तेच मानांकन पोकळ ठरते. तीन वर्षांच्या पदवीत खेळाडू संघाला जास्तीत जास्त तीन हंगाम मिळतो. चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आल्याने काही जण आता एक हंगाम अधिक टिकतील आणि गेल्या वर्षीचा निकाल थोडा अधिक भरवशाचा होईल.

म्हणून जिथे समिती गेल्या वर्षीचा निकाल सोडून ताकद पाहते, निमंत्रितांच्या किंवा महाविद्यालयांनी आपल्या पातळीवर भरवलेल्या स्पर्धांत असे पुष्कळदा होते, तिथे वेगळी माहिती गोळा करावी लागते. गेल्या वर्षीच्या बारांपैकी कोण उरले, हा पहिला प्रश्न. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण आले. कनिष्ठ महाविद्यालयाचे खेळाडू विद्यापीठाच्या स्पर्धेत नसतात. ते १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात. गेल्या मोसमात जिल्हा आणि राज्य पातळीवर त्या गटात चमकलेल्या मुलामुलींनी प्रथम वर्षाला कुठे प्रवेश घेतला, हे जुलै-ऑगस्टमध्ये कळते. अनुभवी प्रशिक्षकांचा अंदाज निम्मा याच माहितीवर उभा असतो, आणि ती कोणत्याही तक्त्यात छापलेली नसते.

सामन्यांचा पुरावा वाचण्याचेही एक तंत्र आहे. अंतिम गुणसंख्या पुष्कळदा फसवते. ७०–३० असा निकाल दुबळ्या संघाविरुद्धचा असतो आणि विजेत्याने दुसऱ्या अर्ध्यात राखीव खेळाडूच खेळवलेले असतात. उलट ६२–४५ हा सामना शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत अटीतटीचा असू शकतो. हे कळायला गुणपत्रक पाहावे. आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या गुणपत्रकात उजवीकडे १ ते १६० आकड्यांचे उभे रकाने असतात. मैदानी बास्केट झाली की गुणलेखक त्या आकड्यावर तिरकी रेघ मारतो, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका देतो, आणि तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल काढतो. पहिला आणि तिसरा डाव लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या-काळ्या शाईने. सराव झालेला डोळा या रकान्यांवरून सामना पुन्हा पाहतो. आघाडी कधी फुटली, गुण एकाच क्रमांकावर साचले आहेत की पाच जणांत विखुरले आहेत, पिछाडीवर पडल्यावर संघाने तीन गुणांचे फटके मारायला घेतले का, हे सारे तिथे असते. एकाच खेळाडूवर चाललेला संघ फाऊलच्या अडचणीत कोसळतो. मानांकन देताना ही गोष्ट कुणी मोजत नाही, अंदाज करताना मोजावी.

सामने थोडे असताना आकड्यांचे काय करायचे, यावर गणितज्ञांनी बरेच डोके चालवले आहे. दोन्ही सामने जिंकलेला संघ आणि दहांपैकी नऊ जिंकलेला संघ यांत वरचढ कोण? नुसत्या टक्केवारीने पहिला. अमेरिकेत खगोलभौतिकीतले वेस्ली कॉली यांनी महाविद्यालयीन फुटबॉलसाठी सुचवलेल्या पद्धतीचा पाया वेगळा आहे: जिंकलेल्या सामन्यांत १ मिळवायचा, खेळलेल्या सामन्यांत २, आणि भागाकार करायचा. पहिल्या संघाला ४ त ३, म्हणजे ०.७५, दुसऱ्याला १२ त १०, म्हणजे ०.८३. एकही सामना न खेळलेल्याला नेमके अर्धे. मग प्रत्येक संघाच्या आकड्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे आकडे गुंफतात, म्हणजे दुबळ्यांना हरवून फुगलेला संघ आपोआप खाली येतो. पाच-सहा सामन्यांच्या आपल्या विभागीय हंगामाला ही सावध पद्धत चांगली मानवते, आणि ती वहीतही मांडता येते.

बुद्धिबळाच्या जगात अर्पाद एलो यांची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या गुणांकनात १०० चा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६, ४०० चा असेल तर ९१. प्रत्येक निकालानंतर गुणांकन थोडे हलते. अनपेक्षित विजयाने जास्त, अपेक्षित विजयाने कमी. बास्केटबॉलला ही पद्धत लावणारे नव्या हंगामाच्या आरंभी प्रत्येक संघाचे गुणांकन काही प्रमाणात सरासरीकडे ओढतात, कारण संघ तोच उरलेला नसतो. महाविद्यालयीन संघांसाठी हे ओढणे व्यावसायिक संघांपेक्षा जोराचे हवे, हे वर आलेच आहे.

गुणफरकाचा वापर ही तिसरी वाट. केलेले आणि दिलेले गुण यांच्या गुणोत्तराचा मोठा घात घेऊन विजयाचे प्रमाण काढण्याचे सूत्र बेसबॉलमधून आले. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलसाठी हा घात १४ च्या आसपास धरतात. सरासरी ७० गुण करणारा आणि ६० देणारा संघ या हिशेबाने दहांपैकी जवळजवळ नऊ सामने जिंकतो. ६२ करून ६० देणारा सहा. पण ज्या स्पर्धेत बलवान आणि दुबळे यांच्यात दरी आहे तिथे गुणफरक उघडा ठेवला तर संघांना दुबळ्यांना झोडपण्याचे बक्षीस मिळते. गुणफरकाला वरची मर्यादा घालणे हा त्यावरचा रूढ उपाय.

अंदाजात कोर्टाचाही हिशेब येतो. पुण्यातली बरीच महाविद्यालयीन कोर्ट उघड्यावरची, सिमेंटची. पाऊस लांबला की सामने पुढे ढकलले जातात आणि मग दोन दिवसांचे सामने एका दिवसात उरकतात. अशा वेळी बारा जणांची खरी यादी असलेला संघ, सहा-सात जणांवर चालणाऱ्या संघापेक्षा लांब टिकतो. यजमान महाविद्यालयाला स्वतःच्या कोर्टाच्या उसळीची, रिंगच्या कडकपणाची सवय असते, हेही विसरू नये.

मानांकन वर्तवण्याचा धंदाच उभा राहिला तो अमेरिकेत. तिथल्या महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये ८ संघांनिशी सुरू झाली. १९७९ पासून सर्व संघांना मानांकन मिळू लागले, १९८५ मध्ये संघ ६४ झाले आणि २०११ पासून ६८. सुमारे निम्मे संघ आपापल्या संघटनेचे (कॉन्फरन्सचे) विजेते म्हणून थेट येतात. बाकीचे एक निवड समिती निवडते आणि सगळ्यांना क्रम देते. चार प्रदेश, प्रत्येकात १ ते १६ मानांकने. इथे गेल्या वर्षीचा निकाल उपयोगाचा नाही. समितीपुढे चालू हंगामातल्या तीसेक सामन्यांचा हिशेब असतो. १९८१ पासून त्यासाठी जो निर्देशांक वापरत, त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना मोठे वजन होते. २०१८–१९ च्या हंगामापासून नवा निर्देशांक आला. तो दर शंभर चेंडूताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले हे पाहतो, आणि प्रतिस्पर्धी कोण व सामना कुठे झाला हेही धरतो. आरंभी गुणफरक १० पर्यंतच मोजायचा अशी मर्यादा त्यात होती. ती पुढे काढली.

या निर्देशांकातल्या प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकावरून प्रत्येक सामन्याला चार प्रतींपैकी एक प्रत मिळते. स्वतःच्या कोर्टावर पहिल्या ३० तल्या संघाशी खेळलेला सामना पहिल्या प्रतीचा. तटस्थ कोर्टावर पहिल्या ५० तल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरी पहिल्या ७५ तल्या संघाशी खेळलेलाही तसाच. पहिल्या प्रतीचे विजय किती आणि तळच्या प्रतीचे पराभव किती, हे समितीच्या डोळ्यांपुढे ठळक असते. जाणकार नेमके तेच मोजतात. समितीवरचे लोक बदलले तरी सवयी फारशा बदलत नाहीत, आणि आधीच्या काही वर्षांत तिने कशाला भाव दिला हे पाहून यंदाचे भाकीत करता येते. शिवाय काही बंधने शुद्ध व्यवस्थेची. एकाच संघटनेतले वरचे संघ वेगवेगळ्या प्रदेशांत टाकायचे. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ धर्मनिष्ठेमुळे रविवारी खेळत नाही, म्हणून त्याला गुरुवार-शनिवारच्या गटातच बसवायचे. अशा कारणांनी संघ आपल्या खऱ्या क्रमांकापासून एखादी पायरी वर-खाली सरकतो. संघाची ताकद अचूक ओळखणारा पण ही बंधने न वाचणारा माणूस मानांकनाच्या अंदाजात हमखास मागे पडतो.

एवढे करून मानांकनाला किंमत किती? टोकाला प्रचंड, मधे नगण्य. १९८५ ते २०२५ या काळात, २०२० ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली ते वर्ष सोडून, पहिल्या मानांकिताचे सोळाव्याशी १६० सामने झाले आणि त्यांत पहिला मानांकित फक्त दोनदा हरला: २०१८ मध्ये व्हर्जिनिया आणि २०२३ मध्ये पर्ड्यू. आठवा आणि नववा यांच्यातला सामना मात्र नाणेफेकीसारखाच. १९८५ मध्ये आठवे मानांकन असलेला व्हिलानोव्हा विजेता ठरला. २०१४ ची अंतिम लढत सातव्या आणि आठव्या मानांकितांत झाली. चारही प्रदेशांतले पहिले मानांकित अंतिम चारात पोचणे २००८ आणि २०२५ असे दोनदाच घडले. आपल्या विभागीय भाग्यपत्रिकेतही तसेच. पहिल्या चारांत असणे आणि नसणे यांत मोठे अंतर. तिसरा की चौथा, यावर जिमखान्यात होणारा वाद बहुधा निष्फळ.

आपला अंदाज किती बरा, हे तपासायला दोन साधी मापे पुरतात. पहिले माप तुलनेचे. काहीही डोके न चालवता गेल्या वर्षीचे पहिले चार जसेच्या तसे लिहिले असते तर किती जागा बरोबर आल्या असत्या? आपल्या पद्धतीने त्याहून जास्त यायला हव्यात. रिवाजाने मानांकन देणाऱ्या विभागात हे माप ओलांडणे जवळपास अशक्य असते, आणि तिथे गणिताच्या वाटेला न गेलेलेच बरे. दुसरे माप हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेले. अंदाज टक्क्यांत द्यायचा, घटना घडली तर १ आणि न घडली तर ० धरायचा, आणि फरकाचा वर्ग काढायचा. ‘अमुक संघ मानांकित होईल’ असे ७० टक्के खात्रीने सांगितले आणि तसे झाले तर दंड ०.०९, न झाल्यास ०.४९. प्रत्येक वेळी ‘निम्मे-निम्मे’ म्हणणाऱ्याचा दंड कायम ०.२५. सरासरी दंड त्याहून कमी राहिला तर अंदाजात काही तरी दम आहे. एका विभागातून वर्षाला चारच मानांकने निघतात, त्यामुळे मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धा मिळून पाच वर्षांच्या भाग्यपत्रिका हाती असल्या तरी नोंदी ४० च होतात. तेवढ्यावर कुणाच्या अंदाजाचा निवाडा करायचा तर तो अंदाज लॉट पाडण्याच्या बैठकीआधी, तारखेसह लिहून ठेवलेला असावा लागतो.